ट्यूब नसलेल्या गावाने तिकिटाचे पैसे का द्यावेत?

लंडनला नव्याने आलेली मराठी मंडळी आमच्याकडे यायला निघाली, की मी फोनवर एक सूचना हमखास देते. 'ब्रॉम्ली-बाय-बो' नावाच्या ट्यूब स्टेशनवर उतरू नका. ते पूर्व लंडनमध्ये आहे, आम्ही राहतो त्या ब्रॉम्लीपासून कितीतरी मैल दूर. आमचं ब्रॉम्ली लंडनच्या आग्नेय टोकाला, जवळजवळ केंटच्या हिरवळीला टेकलेलं. इथे ट्यूब नाही. क्षेत्रफळाने लंडनचा सर्वांत मोठा बरो, पण जमिनीखालून धावणाऱ्या त्या जगप्रसिद्ध गाडीचं एकही स्टेशन आमच्या हद्दीत नाही. आहेत त्या वरच्या रेल्वेगाड्या, बेकनहॅमपर्यंत येणारी ट्राम आणि लाल बस.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सार्वजनिक वाहतुकीचा खरा खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नावर लंडनमधली सर्वांत गाजलेली लढाई आमच्या ब्रॉम्लीनेच लढली. आणि जिंकली. इथे राहायला आल्यावर दोनेक वर्षांनी मला हे कळलं, तेसुद्धा आमच्या गल्लीतल्या रहिवासी संघाच्या सभेत. विषय निघाला होता १४६ नंबरच्या बसचा. ही बस ब्रॉम्ली नॉर्थ स्टेशनवरून निघते आणि डाउन नावाच्या खेड्यात जाते. चार्ल्स डार्विनचं घर तिथेच आहे. तासाला एक बस, आणि दुपारच्या वेळी पाहावं तर आत तीन-चार माणसं. सभेत एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "ही रिकामी बस माझ्या पैशांवर फिरते. मी आयुष्यात तिच्यात बसलेलो नाही." त्यावर मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई हसून म्हणाल्या, "एक्क्याऐंशी साली आपण हेच बोललो होतो."

घरी येऊन मी ते एक्क्याऐंशीचं प्रकरण शोधून वाचलं, आणि वाचतच राहिले.

मे १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलमध्ये मजूर पक्षाची सत्ता आली आणि केन लिव्हिंग्स्टन तिचे नेते झाले. जाहीरनाम्यात वचन होतं बस-ट्यूबचं भाडं एकचतुर्थांशाने कमी करण्याचं. ऑक्टोबरमध्ये ते अमलात आलं. योजनेचं नाव 'फेअर्स फेअर', म्हणजे रास्त भाडं. झोनची नवी पद्धत आणल्यामुळे प्रत्यक्षातली कपात सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास गेली. आता ही तूट भरायची कुठून? तर लंडनमधल्या प्रत्येक बरोने आपल्या मालमत्ताधारकांकडून जादा पट्टी वसूल करून द्यायची. आपल्याकडच्या घरपट्टीसारखा हा कर. शिवाय कौन्सिलने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला म्हणून केंद्र सरकारने अनुदान कापलं, त्यामुळे बोजा जवळपास दुप्पट झाला.

ब्रॉम्ली म्हणालं, आमच्याकडे ट्यूबच नाही, मग आम्ही का द्यायचे?

प्रकरण कोर्टात गेलं. अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांनी ब्रॉम्लीच्या बाजूने निकाल दिला, आणि डिसेंबर १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने तोच कायम केला. सारा वाद एका शब्दावर येऊन थांबला होता. १९६९ च्या कायद्यात म्हटलं होतं, की कौन्सिलने लंडनसाठी एकात्मिक, कार्यक्षम आणि 'इकॉनॉमिक' वाहतूक पुरवावी. या 'इकॉनॉमिक'चा अर्थ काय? कौन्सिलच्या मते शहराच्या एकूण अर्थकारणाला फायद्याची. न्यायाधीशांच्या मते धंद्याच्या रीतीने चालवलेली, जाणूनबुजून तोट्यात न घातलेली. करदात्यांचा पैसा हा विश्वासाने सोपवलेला पैसा असतो, प्रवाशांचं हित बघताना त्यांचंही हित बघायला हवं, असंही कोर्टाने बजावलं.

मार्च १९८२ मध्ये भाडं जवळपास दुप्पट झालं. प्रवासी घटले, रस्त्यांवर गाड्या वाढल्या. पुढच्या वर्षी कायद्याच्या चौकटीत बसवून कौन्सिलने पुन्हा भाडं कमी केलं आणि बस-ट्यूब दोन्हींना चालणारं ट्रॅव्हलकार्ड आणलं. ते आजही लंडनमध्ये चालतं. कौन्सिल मात्र चाललं नाही. १९८४ मध्ये वाहतूक त्यांच्या हातून गेली आणि १९८६ मध्ये कौन्सिलच बरखास्त झालं. लंडन आयच्या रांगेत उभं राहून आपण ज्या भव्य इमारतीसमोर फोटो काढतो ती त्यांची कचेरी, काउंटी हॉल. आता तिथे हॉटेल आणि मत्स्यालय आहे.

ही कथा इथल्या मित्रमैत्रिणींना सांगितली की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बरोबर आहे, जो बसेल तो पैसे देईल. मी दादरची आहे, माझे काका बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे मला हे एवढं सोपं कधी वाटलं नाही. कारण मुंबईने हाच तिढा आपल्या पद्धतीने, फारसा गाजावाजा न करता, वर्षानुवर्षं सोडवून ठेवला होता. बेस्टचा विजेचा धंदा फायद्यात, बस तोट्यात. विजेच्या फायद्यातून बसची तूट भरली जायची. गंमत अशी, की बेस्टची वीज फक्त शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत. बस मात्र थेट बोरिवली-मुलुंडपर्यंत. म्हणजे गिरगावातल्या खोलीत पंखा फिरला, की त्याच्या चार आण्यांतून दहिसरची बस पळायची! पुढे हीच वसुली विजेच्या बिलात वेगळ्या आकाराच्या रूपाने दिसायला लागली आणि लोकांचं लक्ष गेलं. हरकती आल्या, वीज नियामक आयोगापुढे वाद झाले आणि कालांतराने ती वसुली थांबली. गिरगावकराने विचारलेला प्रश्न ब्रॉम्लीकरासारखाच होता. दिसत नव्हतं तोवर कुणी बोललं नाही, बिलात ओळ छापली आणि भांडण सुरू झालं.

त्यानंतर बेस्टचं काय झालं, ते मुंबईकर वाचक माझ्यापेक्षा जवळून पाहत आहेत. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं. बसला गर्दी झाली. पण पाच रुपयांत बस धावत नाही, हे कुठल्याही कंडक्टरच्या पुतणीला कळतं. फरक महापालिकेने द्यायचा होता. शेवटी मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं दहा रुपये आणि एसीचं बारा रुपये झालं. माझी मावशी बोरिवलीत शेअर रिक्षा सोडून बसकडे वळली होती. तिने फोनवर एवढंच विचारलं, "तुमच्याकडे कोण भरतं गं उरलेले पैसे?"

तिला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

लंडनमध्ये बसचं तिकीट गेली काही वर्षं पावणेदोन पौंड आहे. कुठेही चढा, कुठेही उतरा. एकदा कार्ड टेकवलं की पुढच्या तासाभरात कितीही बस बदलल्या तरी दुसऱ्यांदा पैसे जात नाहीत. एवढ्यात बसचा खर्च निघत नाही. तो भागवला जातो बऱ्याच अंशी ट्यूबच्या प्रवाशांकडून. महासाथीच्या आधी लंडनच्या वाहतूक खात्याच्या उत्पन्नात तिकिटांचा वाटा सुमारे ७२ टक्के होता. न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये हाच वाटा चाळीस टक्क्यांच्या आत आहे. रोजचा चालू खर्च भागवण्यासाठी केंद्र सरकारकडून मिळणारं अनुदान २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंदच करण्यात आलं होतं. 'पाहा, आमची वाहतूक स्वतःच्या पायावर उभी आहे,' असं अभिमानाने सांगितलं जायचं. मग मार्च २०२० आला. ट्यूब जवळजवळ रिकामी झाली, पण गाड्या बंद करता येईनात, कारण परिचारिका, सफाई कामगार, दुकानातली माणसं त्याच गाड्यांनी कामाला जात होती. मे महिन्यात सरकारला १६० कोटी पौंडांची पहिली मदत जाहीर करावी लागली, त्यानंतर आणखी काही वेळा. स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे प्रवाशांच्या खांद्यावर उभं राहणं होतं, आणि प्रवासी बाजूला झाल्यावर ते दिसलं.

मदत देताना सरकारने अट घातली, उत्पन्नाचे नवे मार्ग शोधा. महापौर सादिक खान यांनी शोधलेल्या मार्गांपैकी एक होता काउन्सिल टॅक्स. २०२२ पासून सलग तीन वर्षं सरासरी घरामागे दर वर्षी आणखी वीस पौंड, खास वाहतुकीसाठी. म्हणजे १९८१ मध्ये जे करायला कोर्टाने मनाई केली, साधारण तेच चाळीस वर्षांनी आमच्या बिलात आलं. यंदा मी ते पत्रक नीट पाहिलं, महापौरांचा वाटा वेगळा छापलेला असतो. ब्रॉम्लीला अजून ट्यूब नाहीच. या खेपेला कुणी त्यासाठी कोर्टात गेलं नाही.

कोर्टात गेले ते दुसऱ्या कारणासाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरचा दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार, संपूर्ण लंडनभर लागू होणार होता. त्याविरुद्ध पाच कौन्सिलं एकत्र आली, त्यांत ब्रॉम्ली होतंच. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. लंडनच्या मध्यभागी गाडी नेण्याचा आकार तर त्याच्या वीस वर्षं आधीपासून आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये पाच पौंडांनी सुरुवात झाली, आणि तो आणणारे महापौर कोण? तेच केन लिव्हिंग्स्टन. पहिल्या वेळी त्यांनी घरमालकांकडून पैसे मागितले आणि हरले. दुसऱ्या वेळी मोटारवाल्यांकडून मागितले आणि जिंकले. राजकारणात माणूस काय शिकतो, याचं मला हे फार बोलकं उदाहरण वाटतं.

मोटारवाल्याने बसचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न आमच्या घरातही निघतो. नवरा आठवड्यातून दोन दिवस गाडीने कामावर जातो. त्याचं म्हणणं, आम्ही पेट्रोलवर कर देतोच की. देतो, खरंय. पण या देशात पेट्रोलवरचा उत्पादनकर २०११ पासून एका पैनेही वाढलेला नाही, उलट २०२२ मध्ये पाच पेन्स कमी केला गेला. याच काळात रेल्वेचं भाडं मात्र वाढत राहिलं, मार्च २०२५ मध्ये ४.६ टक्के वाढलं ते तर परवाचंच. म्हणजे चौदा वर्षं गाडी चालवणं सरकारने स्वस्त ठेवलं आणि गाडी नसलेल्याचा प्रवास महाग होऊ दिला. बस तोट्यात चालते हे दिसतं, कारण तिचा हिशेब एका वहीत असतो. मोटारींचा हिशेब पसरलेला असतो. रस्त्याची डागडुजी एका खात्यात, अपघातातले जखमी दवाखान्याच्या खात्यात, धुराने होणारा दमा पोरांच्या छातीत. बसच्या प्रत्येक प्रवाशामागे किती पौंड जातात ते मोजतात, पण माझ्या घरासमोर फुटपाथला लागून दिवसभर उभी असलेली गाडी सरकारी जमिनीचं किती भाडं बुडवते, ते सभेत कुणी काढत नाही.

आणि जे बसमध्ये बसत नाहीत, त्यांना बसचा फायदा होत नाही, हे तरी खरं आहे का? आमच्या शेजारी नव्वदीतले एक आजोबा एकटे राहतात. मुलगी कॅनडात. दिवसातून तीन वेळा त्यांच्याकडे मदतनीस येते, घानाहून आलेली साधारण पंचेचाळिशीची बाई. लुइशमला राहते. सकाळी साडेसहाला पहिली बस, ब्रॉम्लीत उतरून दुसरी, सव्वासातला आजोबांच्या दारात. त्यांना उठवायचं, गोळ्या द्यायच्या, नाश्ता करायचा आणि मग पुढच्या घरी, पुन्हा बस. तिला एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचा पगार मिळत नाही. तासाभराच्या त्या सवलतीमुळे दोन बसला एकच भाडं पडतं, म्हणून तिला हे काम परवडतं, असं ती स्वतः म्हणाली. आजोबा गेली सहा वर्षं बसमध्ये चढलेले नाहीत. पण लंडनमध्ये बसवर सर्वांत जास्त अवलंबून कोण, असं मला विचारलं तर मी त्यांचं नाव घेईन. तिच्या बसला 'खरा' खर्च लावला तर तो ती भरणार, की आजोबा, की कॅनडातली मुलगी? की ती हे काम सोडणार आणि आजोबा हॉस्पिटलात जाणार, ज्याचा खर्च पुन्हा आपण सगळेच उचलणार?

फ्रान्सने या प्रश्नाचा एक धागा फार पूर्वी पकडला. १९७१ पासून पॅरिस परिसरात मालकांकडून, पगाराच्या रकमेवर, वाहतुकीसाठी कर घेतला जातो. आता तो देशभरातल्या शहरांत आहे आणि अकरा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना भरावा लागतो. शिवाय कामगाराच्या पासाचे निम्मे पैसेही मालकच देतो. विचार साधा आहे. माणसं वेळेवर कामाला पोचतात याचा फायदा मालकाला, तर त्यानेही हात खिशात घालावा. इकडे माझ्या नवऱ्याची कंपनी सीझन तिकिटासाठी बिनव्याजी कर्ज देते आणि ती मोठी सवलत म्हणून मिरवते! पैसे शेवटी त्याच्याच पगारातून कापले जातात.

लंडनने मालकांना अगदीच सोडलं असंही नाही. एलिझाबेथ लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी एप्रिल २०१० पासून मोठ्या व्यावसायिक जागांवर पौंडामागे दोन पेन्सचा अधिभार लागला, म्हणजे गाडी धावायच्या बारा वर्षं आधी. छोटी दुकानं त्यातून वगळली होती. गाडी आली की ऑफिसच्या जागांचे भाव वाढणार, तर वाढीतला थोडा हिस्सा आधी द्या. मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो, पण तो घरांना लावायचं नाव कुणी काढत नाही. आमच्या भागातली इस्टेट एजंटची जाहिरात पाहा. पहिलीच ओळ 'व्हिक्टोरिया वीस मिनिटांच्या आत'. ही वीस मिनिटं घरमालक विकतो, बांधली दुसऱ्याच कुणीतरी. मुंबईत मेट्रोच्या खांबाचा पत्ता नसताना 'मेट्रोपासून पाच मिनिटांवर' म्हणून फ्लॅटचे दर वाढलेले आपण पाहिलेत. तेच हे.

मग सगळं फुकटच करा, असं माझी मुलगी म्हणते. ती इथल्या नियमाने अठरा वर्षांपर्यंत बसमधून फुकट फिरली, तेव्हा तिला ते नैसर्गिकच वाटणार. लक्झेंबर्गने २०२० मध्ये केलंही. पण तो देश लहान आणि श्रीमंत, तिथे तिकिटांतून येणारा पैसा मुळातच थोडा होता. लंडनच्या ट्यूबला तिकिटाचा पैसा सोडून चालणार नाही. आणि फुकट म्हटलं की फक्त 'कुणी द्यायचं' या रकान्यातलं नाव बदलतं. ज्येष्ठ नागरिकांचा फ्रीडम पास घ्या. सहासष्ट वर्षांवरच्या लंडनकराला तो मिळतो, खर्च बरो कौन्सिलं उचलतात, त्यात ब्रॉम्लीही आलं. आमच्या हाय स्ट्रीटवर सकाळी नऊला पाच मिनिटं असताना बसथांब्यावर पाहा, पास हातात घेऊन आजी-आजोबांची फौज उभी असते. कारण तो आठवड्याच्या दिवसांत नऊच्या आधी चालत नाही. आपल्याकडे एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याच्याही आधीपासून प्रवास मोफत आहे. दोन्ही योजना मला मनापासून आवडतात. प्रश्न एवढाच, की उरलेल्या अर्ध्या तिकिटाचे पैसे सरकारकडून महामंडळाला वेळेवर पोचतात का. नाही पोचले तर सवलतीचा खर्च चालक-वाहकांच्या पगाराला आणि मोडक्या खिडक्यांना सोसावा लागतो. काकांच्या घरात पगाराची तारीख पुढे गेल्यावर काय चालायचं, ते मी लहानपणी पाहिलंय.

ब्रॉम्लीचं सगळंच चुकलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. कर घेता तर सेवा द्या, ही मागणी रास्तच होती. फेअर्स फेअरमध्ये ब्रिटिश रेलचं भाडं कमी झालंच नव्हतं, आणि इथली निम्मी माणसं तिच्याच गाड्यांनी शहरात जायची. आजही लंडनच्या मध्यभागी जाणं सोपं, पण एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायचं तर गाडी काढावीशी वाटते. युलेझ आल्यावर सुपरलूप नावाच्या जलद बस सुरू झाल्या, त्यांतल्या दोन ब्रॉम्ली नॉर्थहून क्रॉयडनला आणि थेम्समीडला जातात. हे आकार बसवण्याच्या पाच वर्षं आधी झालं असतं, तर निम्मा राग उगवलाच नसता, असं मला वाटतं. आधी दंड आणि मग बस, हा क्रम उलटा आहे.

सभेत १४६ वर वैतागलेले ते गृहस्थ गेल्या वर्षी निवृत्त झाले. परवा ब्रॉम्ली नॉर्थला त्याच बसच्या रांगेत दिसले, हातात फ्रीडम पास. डार्विनच्या बागेत स्वयंसेवक म्हणून जातात म्हणे. मत बदललंय का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, बस बंद करावी असं त्यांना अजूनही वाटतं, फक्त एवढ्यात नको.

पुढच्या महिन्यात रहिवासी संघाची पुन्हा सभा आहे. आमच्या गल्लीत गाडी उभी करायला वर्षाचा परवाना लावावा का, हा विषय आहे. बसच्या सभेला आम्ही अकरा जण होतो. या वेळी सेक्रेटरींनी चर्चचा मोठा हॉल मागून ठेवलाय.